विश्लेषण : जमिनीवरचा जुना रंग आणि गोंद काढणं जिवावर का बेततं? अमेरिकेतल्या बंदीनंतर उरलेला प्रश्न

जुनं घर, दुकान किंवा गाळा ताब्यात आला की जमिनीचं काम निघतंच. कुठे जुन्या रंगाला पोपडे आलेले असतात, कुठे टाइल उखडून खाली काळपट, चिकट गोंद उरलेला असतो. नवा इपॉक्सीचा थर द्यायचा किंवा नवी टाइल बसवायची, तर आधी हे सगळं काढावं लागतं. सोशल मीडियावर अशा कामाचे व्हिडिओ आवडीने पाहिले जातात. डब्यातलं काहीतरी ओतलं, खरवडलं, यंत्र फिरवलं आणि मिनिटभरात खालचं काँक्रीट स्वच्छ!

व्हिडिओत एक गोष्ट मात्र दिसत नाही. निघालेला थर गेला कुठे? बऱ्याचदा त्याचं उत्तर ‘हवेत’ असं असतं, आणि ती हवा काम करणाऱ्याच्या छातीत जाते. या कामात अमेरिकेत माणसं दगावली आहेत. तिथे 2024 मध्ये एका रसायनावर जवळपास सरसकट बंदी आली, तिच्यामागे या मृत्यूंचा मोठा वाटा आहे. पण रसायन गेलं म्हणून धोका गेला का? की तो फक्त वाफेतून धुळीत गेला? समजून घेऊया.

नेमका नियम काय आहे?

या रसायनाचं नाव मिथिलीन क्लोराइड. त्यालाच डायक्लोरोमिथेन असंही म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 30 एप्रिल 2024 रोजी त्याबद्दलचा अंतिम नियम जाहीर केला आणि 8 मे 2024 रोजी तो राजपत्रात आला.

नियमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठेवली आहे. 5 मे 2025 नंतर कोणत्याही किरकोळ दुकानाला हे रसायन किंवा ते असलेला माल विकता येत नाही. 28 एप्रिल 2026 नंतर बहुतेक औद्योगिक आणि व्यावसायिक वापरही बंद, असं नियम सांगतो. म्हणजे घरमालकाने स्वतः वापरायचं नाही आणि कंत्राटदारानेही नाही. प्रयोगशाळा, काही रसायनांचं उत्पादन अशा मोजक्या ठिकाणी ते वापरता येतं, पण तिथे हवेतलं प्रमाण मोजण्याची आणि कामगारांच्या संरक्षणाची कडक अट आहे.

ही अट किती कडक? आठ तासांच्या पाळीत सरासरी 2 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग. पंधरा मिनिटांसाठी 16 पीपीएम. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याची, म्हणजे ओशाची, 1997 पासूनची मर्यादा अनुक्रमे 25 आणि 125 पीपीएम होती.

हे रसायन एवढं लोकप्रिय का होतं?

कारण ते काम चोख करतं. रंगावर किंवा इपॉक्सीवर लावलं की ते थरात झिरपतं, थर फुगतो, सुरकुत्या पडतात आणि काही मिनिटांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. नेहमीच्या परिस्थितीत ते सहजासहजी पेट घेत नाही. थिनर किंवा पेट्रोलच्या मानाने म्हणूनच ते ‘सुरक्षित’ वाटायचं. स्वस्त होतं आणि रंगाच्या दुकानात सहज मिळायचं.

पण ज्या गुणामुळे ते झटपट काम करतं, त्यातच त्याचा दोष आहे. मिथिलीन क्लोराइड साधारण 40 अंश सेल्सियसलाच उकळतं. म्हणजे खोलीच्या तापमानातही त्याची भराभर वाफ होते. ही वाफ श्वासावाटे रक्तात जाते आणि भूल दिल्यासारखा मेंदूवर परिणाम करते. आधी चक्कर, मग ग्लानी, मग शुद्ध हरपणं आणि शेवटी श्वास थांबणं. त्यातच शरीर या रसायनाचं कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यावर माणसं ज्या वायूने दगावतात, तोच हा वायू. इथे तो शरीराच्या आतच तयार होतो आणि हृदयाला मिळणारा प्राणवायू कमी करतो.

हे झालं काही तासांतल्या विषबाधेबद्दल. दीर्घकालीन धोका वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे.

जमिनीवर वापरलं तर धोका जास्त का?

मिथिलीन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती वर जात नाही, खाली साचते. आणि जमीन खरवडणारा माणूस गुडघ्यांवर बसलेला, वाकलेला, नाक जमिनीपासून हात-दीड हातावर. म्हणजे वाफ जिथे सगळ्यात दाट, तिथेच तो श्वास घेतो. बाथटबच्या कामातही असंच होतं. टबाच्या खोलगट भागात वाफ साचते आणि माणूस त्यातच वाकलेला असतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात बाथटबचा जुना थर काढताना किमान 13 कामगार दगावल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेने केली होती.

साधा हिशेब करून पाहू. 10 बाय 12 फुटांची खोली, उंची 10 फूट. दारं-खिडक्या बंद. त्यात एक पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर मिथिलीन क्लोराइड पूर्ण उडून गेलं असं धरा. खोलीतल्या हवेत त्याचं प्रमाण सरासरी 2200 पीपीएमच्या आसपास जातं. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी अमेरिकी पातळी 2300 पीपीएम आहे. म्हणजे एका पेल्यात आपण तिथवर पोहोचलो, आणि तेही सरासरीने. जमिनीलगत प्रमाण याहून जास्त असणार. एखाद्या खोलीची जमीन साफ करायला पेलाभर रसायन पुरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर 2017 मध्ये साउथ कॅरोलिना राज्यात कॉफीचा छोटा व्यवसाय चालवणारा 31 वर्षांचा तरुण असाच गेला. माल ठेवायच्या शीतखोलीच्या जमिनीवरचा जुना थर तो स्वतः काढत होता. रसायनाचा डबा नेहमीच्या दुकानातून आणलेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेनेसी राज्यात बाथटबचं काम करणारा 21 वर्षांचा मुलगा दगावला होता.

मास्क लावला तर चालत नाही का?

हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली असतो. कापडी मास्क किंवा धुळीसाठीचा मास्क वाफ अडवत नाही. रंगकाम करणारे वापरतात तो डबीचा, कोळशाच्या फिल्टरचा मास्कही इथे भरवशाचा नाही, कारण मिथिलीन क्लोराइड त्या फिल्टरमधून लवकर आरपार जातं. म्हणून ओशाच्या नियमांनुसार या रसायनाच्या कामासाठी नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. असं साधन छोट्या कंत्राटदाराकडे क्वचितच असतं, घरमालकाकडे तर नसतंच.

‘वास आला की थांबू’ हाही भ्रम आहे. गोडसर वास नाकाला जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट झालेलं असतं.

2021 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. 1980 ते 2018 या काळात अमेरिकेत मिथिलीन क्लोराइडमुळे झालेले 85 मृत्यू त्यात मोजले होते. त्यातले 74 कामाच्या ठिकाणी झाले होते. म्हणजे ‘घरी प्रयोग करणारे हौशी लोक दगावतात, कामगारांना सवय असते’ ही समजूत आकड्यांत टिकत नाही.

बंदीला इतका उशीर का लागला?

अमेरिकेचा विषारी द्रव्य नियंत्रण कायदा 1976 चा. पण त्याखाली एखादं रसायन बंद करणं महाकठीण होतं. ईपीएने 1989 मध्ये ॲस्बेस्टॉसवर व्यापक बंदी घातली, ती 1991 मध्ये न्यायालयाने बहुतांश रद्द केली. त्यानंतर या कायद्याचा धाक जवळपास संपला. 2016 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ईपीएच्या हातात पुन्हा अधिकार आले.

जानेवारी 2017 मध्ये ईपीएने रंग काढण्यासाठीच्या मिथिलीन क्लोराइडवर बंदीचा प्रस्ताव मांडला. मग सरकार बदललं आणि प्रस्ताव रेंगाळला. वर सांगितलेले दोन्ही मृत्यू हा प्रस्ताव कागदावर पडून असतानाच्या काळातले आहेत. मृतांच्या कुटुंबांनी पाठपुरावा केला, पर्यावरण आणि आरोग्य संघटना त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. मे 2018 मध्ये लोज या मोठ्या विक्री साखळीने असा माल दुकानातून काढण्याचं जाहीर केलं आणि इतर साखळ्यांनीही तीच वाट धरली.

मार्च 2019 मध्ये अखेर नियम आला, पण अर्धवट. ग्राहकांना विक्री बंद, कंत्राटदारांना मोकळीक. शिवाय तो नियम रंग आणि तत्सम थर काढणाऱ्या मालापुरता होता. गोंद काढणारा माल त्यात नव्हता. म्हणजे त्याच जमिनीवरचा रंग काढायचा असेल तर दुकानात डबा मिळणार नाही, पण टाइलखालचा गोंद काढायचा असेल तर मिळेल! ही फट 2024 च्या नियमाने बुजवली.

युरोपीय संघाने हे बरंच आधी केलं होतं. तिथे 2009 मध्ये निर्णय झाला आणि 2011-12 पासून रंग काढण्यासाठी या रसायनाची विक्री आणि वापर यांच्यावर निर्बंध आले. ब्रिटनने मात्र प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांना सूट दिली.

बंदीच्या विरोधकांचं म्हणणं काय?

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एक मुद्दा असा की प्रशिक्षण आणि साधनं दिली तर हे रसायन सुरक्षितपणे वापरता येतं. ब्रिटनने तोच मार्ग घेतला. दुसरा मुद्दा, पर्याय महाग आणि धीमे आहेत. मिनिटांचं काम तासांवर जातं आणि मजुरीचा खर्च वाढतो. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की रसायन बंद झालं की लोक घासाघासीकडे वळतील. त्याची धूळ काय कमी घातक आहे?

पहिल्या मुद्द्याला उत्तर आहे. मोठ्या कारखान्यात हवा मोजणं, बाहेरची हवा पुरवणं शक्य असतं. रोज नव्या घरात, नव्या तळघरात काम करणाऱ्या दोन-तीन माणसांच्या चमूकडून ती अपेक्षा करता येत नाही. दुसरा मुद्दा पैशाचा आहे, तो खरा आहे. तिसऱ्या मुद्द्याला मात्र सोपं उत्तर नाही. या नियमानंतरचा खरा प्रश्न तोच आहे.

दुसरी रसायनं आहेत ना?

आहेत. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली, सोयाबीन तेलापासून बनवलेली, डायबेसिक एस्टर प्रकारातली. ही हळू उडतात, त्यामुळे खोलीत एकदम वाफ भरत नाही. पण थर सुटायला काही तास, कधी अख्खी रात्र लागते. इपॉक्सीसारख्या कडक थरावर पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

सगळेच पर्याय बिनधोक नाहीत. एन-मिथाइल पायरोलिडोन, म्हणजे एनएमपी, हे रसायन बरीच वर्षं ‘मिथिलीन क्लोराइडमुक्त’ असं लिहून विकलं गेलं. ते त्वचेतून शरीरात जातं आणि पोटातल्या बाळाला त्यापासून धोका असतो. जून 2024 मध्ये ईपीएने त्याच्यावरही निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे डब्यावर अमुक रसायन ‘नाही’ असं लिहिलेलं पुरेसं नसतं. काय ‘आहे’ ते वाचावं लागतं.

काँक्रीटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसलं तरी त्यात बारीक छिद्रं असतात. रसायन आणि विरघळलेला गोंद त्या छिद्रांत उतरतो. वरून जमीन स्वच्छ दिसते, पण आत तेलकट अंश राहतो. त्यावर नवा इपॉक्सी किंवा टाइलचा गोंद धरत नाही, काही दिवसांनी थर सुटतो. म्हणून नव्या थराचे अनेक उत्पादक रसायनाने साफ केलेली जमीन चालणार नाही, असं आपल्या माहितीपत्रकात सांगतात. त्यांना हवी असते यंत्राने खरखरीत केलेली जमीन. ही खरखर किती असावी याची मोजपट्टीही अमेरिकेत आहे. काँक्रीट दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटने तिच्या 1 ते 10 अशा पायऱ्या ठरवल्या आहेत.

म्हणजे बंदी नसती तरी या कामाचा कल यंत्राकडे होताच. बंदीने त्याला आणखी जोर दिला.

यंत्राने घासलं तर काय होतं?

हिऱ्याच्या चकत्यांचा ग्राइंडर जमिनीवर फिरवला की जुन्या थराबरोबर काँक्रीटचाही वरचा पापुद्रा निघतो. काँक्रीटमध्ये वाळू असते आणि वाळूत सिलिका. ती बारीक दळली गेली की धूळ डोळ्यांना दिसेनाशी होते आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे व्रण पडतात, फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही. क्षयाचा धोका वाढतो, आणि सिलिकाची ही धूळ कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं आहे.

ओशाने 2016 मध्ये सिलिकासाठी नवा नियम केला. एक घनमीटर हवेत आठ तासांच्या सरासरीने 50 मायक्रोग्रॅम, ही मर्यादा. बांधकाम क्षेत्रात त्याची अंमलबजावणी सप्टेंबर 2017 पासून सुरू झाली. एकट्या बांधकाम क्षेत्रात सुमारे 20 लाख अमेरिकी कामगारांचा या धुळीशी संबंध येतो, असा ओशाचा अंदाज आहे.

50 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? मघाचीच 10 बाय 12 ची खोली घ्या. त्या अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी. साखरेच्या एका-दोन बारीक दाण्यांच्या वजनाएवढी धूळ! कोरडा ग्राइंडर फिरवल्यावर खोलीत जो पांढरा ढग उठतो, तो या मर्यादेच्या किती पुढे असेल याची कल्पना करता येईल.

ओशाच्या नियमात जमिनीच्या ग्राइंडरसाठी दोन मार्ग सांगितले आहेत. चकतीवर सतत पाणी सोडायचं, किंवा यंत्रालाच धूळ ओढणारी यंत्रणा जोडायची. दुसरा मार्ग घेतला तर सुटी धूळ उचलायला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा. काम झाल्यावर कोरड्या झाडूने झाडण्यावरही निर्बंध आहेत, कारण खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा उडते. अर्थात हा नियम मालक-कामगार नात्याला लागू होतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या तळघरात भाड्याचा ग्राइंडर फिरवणाऱ्याला तो लागू नाही.

मृत्यूंच्या आकडेवारीत इथे एक मोठा फरक पडतो. मिथिलीन क्लोराइडने माणूस त्याच दिवशी, त्याच खोलीत कोसळतो. मृत्यूचं कारण लपत नाही, बातमी होते, आई-वडील न्यायालयात जातात. सिलिकाचा आजार बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी दिसतो. तोवर कामगाराने शेकडो जमिनी घासलेल्या असतात. आजार कुठल्या खोलीत लागला, कुठल्या कंत्राटदाराकडे लागला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच एका धोक्यावर बंदी येते आणि दुसरा मागेच राहतो.

काळ्या गोंदाचं काय?

जुन्या अमेरिकी घरांत हा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. विसाव्या शतकात 1980 च्या दशकापर्यंत तिथे बसवलेल्या अनेक व्हिनाइल आणि डांबरी टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असायचे. 9 इंच चौरस आकाराची जुनी टाइल दिसली की जाणकार आधी थांबतात. तिच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदातही ॲस्बेस्टॉस असू शकतं. नुसतं बघून ते ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

टाइल आणि गोंद जागच्या जागी शाबूत असेपर्यंत तंतू बांधलेले असतात. ग्राइंडर फिरवला की ते मोकळे होतात. म्हणून जमिनीच्या आच्छादनांच्या उत्पादकांची अमेरिकेतली संस्था, रिझिलियंट फ्लोअर कव्हरिंग इन्स्टिट्यूट, जुनं आच्छादन किंवा गोंद कोरडा खरवडू नका, घासू नका, असं बजावते. ओशाचे नियमही ॲस्बेस्टॉस असलेली जमीन घासायला मनाई करतात.

मार्च 2024 मध्ये ईपीएने ॲस्बेस्टॉसच्या क्रायसोटाइल या प्रकारावर बंदी घातली. देशात आयात होणारा तेवढाच प्रकार उरला होता. पण ती बंदी नव्या मालावर आहे. लाखो घरांत आधीच चिकटलेलं ॲस्बेस्टॉस तिथेच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये ईपीएनेच दुसऱ्या अहवालात मान्य केलं की जुनं ॲस्बेस्टॉस हलवताना होणारा धोका अवाजवी आहे.

शिशाचंही तसंच. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जमिनीला रंग असेल तर घासताना शिशाची धूळ उडू शकते, आणि ती रांगणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात जाते. अमेरिकेत जुनं घर घेऊन बेसमेंट तयार करायला निघालेल्या मराठी कुटुंबांनी घराचं बांधकाम वर्ष आधी पाहावं, ते यासाठीच.

म्हणजे काढायचंच नाही का?

बऱ्याचदा हेच योग्य उत्तर असतं. जुना थर घट्ट असेल, उठत नसेल, तर त्यावर योग्य प्राइमर देऊन किंवा सपाटीचा मसाला ओतून नवी जमीन करता येते. टाइलवर टाइल बसवता येते. ॲस्बेस्टॉसची टाइल शाबूत असेल तर ती झाकून टाकणं हा अमेरिकेत मान्य मार्ग आहे. जमिनीची उंची थोडी वाढते, दारं खालून तासावी लागतात, पण हवेत काही उडत नाही.

काढायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी थर काय आहे ते ओळखायचं, शंका असेल तर तपासणी करायची. मग पद्धत निवडायची. पातळ, ठिसूळ रंग असेल तर धूळ ओढणारा ग्राइंडर. जाड, चिकट गोंद असेल तर आधी पत्रीने खरवडणं, कारण ग्राइंडरच्या उष्णतेने गोंद वितळून चकतीला चिकटतो आणि जमिनीवर फासला जातो. ॲस्बेस्टॉसची शक्यता असेल तर घासायचं नाही, त्यासाठी प्रशिक्षित माणसंच बोलवायची.

भारतात याचा काय संबंध?

आपल्याकडे घरातली फरशी बहुतेक वेळा गोंदावर नाही, सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर बसवलेली असते. मोझॅक असो, शहाबादी असो की व्हिट्रिफाइड टाइल, ती काढायची म्हणजे छिन्नी-हातोडा किंवा ब्रेकर. त्यामुळे जुन्या गोंदाचा प्रश्न कमी, पण सिलिकाच्या धुळीचा तोच. कारखान्यांच्या शेडमधल्या आणि पार्किंगमधल्या इपॉक्सी जमिनी मात्र आता जुन्या होत चालल्या आहेत आणि त्या काढायला ग्राइंडरच लागतो. टाइलसाठी गोंद वापरण्याचं प्रमाणही शहरांत वाढतंय. आज चिकटवलेली फरशी उद्या कुणालातरी खरवडावी लागणार आहे.

मिथिलीन क्लोराइड असलेल्या पेंट रिमूव्हरवर अमेरिकेसारखी बंदी आपल्याकडे नाही. सिलिकोसिसचा समावेश 1948 च्या कारखाने कायद्यातल्या नोंद करण्याच्या आजारांत होता. पण कुणाच्या फ्लॅटमध्ये चार दिवस फरशी फोडणारा मजूर ‘कारखान्यात’ नसतो. तोंडाला रुमाल बांधून तो काम करतो, पोती भरून राडारोडा खाली नेतो आणि पुढच्या घराकडे जातो. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिसग्रस्त कामगारांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, ते मुख्यतः खाणी आणि दगडकामाच्या अनुभवातून. घरदुरुस्तीची धूळ अजून चर्चेतही नाही.

घरमालक म्हणून करता येण्याजोग्या गोष्टी मात्र साध्या आहेत. पेंट रिमूव्हरच्या डब्यावर ‘मिथिलीन क्लोराइड’ किंवा ‘डायक्लोरोमिथेन’ लिहिलंय का ते पाहा, असेल तर घरात वापरू देऊ नका. फरशी फोडताना, घासताना पाणी मारायला सांगा. भाड्याने ग्राइंडर आणणार असाल तर धूळ ओढणारा आणा. खोलीचं दार प्लास्टिकने बंद करा, पण खिडकी उघडी ठेवा. रुमालाऐवजी धूळ अडवणारा, तोंडावर घट्ट बसणारा एन-95 मास्क मजुरांना द्या. लक्षात ठेवा, तो धुळीसाठी आहे, वाफेसाठी नाही. काम संपल्यावर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

कंत्राटदाराकडून दर घेताना ‘चौरस फुटाला किती?’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्याबरोबर ‘थर कशाने काढणार आणि धूळ कुठे जाणार?’ हेही विचारा. पाणी, व्हॅक्यूम आणि मास्क यांचा खर्च दरात धरलेला नसेल, तर तो मजुराच्या फुप्फुसातून वसूल होतो.